शांतता रेडिओवरून शिकवता येते का?

निर्वासित म्हटलं की आपण ‘बिचारे’ म्हणून मोकळे होतो. त्या दयेत माणूस हरवतो. म्हणून एर्विन स्टाउब या मानसशास्त्रज्ञाबद्दल लिहावंसं वाटलं.

१९३८ साली बुडापेस्टमध्ये, ज्यू घरात जन्म. १९४४ मध्ये हंगेरीतल्या ज्यूंना नाझींच्या ऑशविट्झ मृत्युछावणीत धाडलं जात होतं तेव्हा वय सहा. स्वीडनचे मुत्सद्दी राऊल वॉलेनबर्ग यांच्या संरक्षणपत्रांमुळे कुटुंब वाचलं, आणि घरकाम करणाऱ्या माक्स या ख्रिश्चन बाईमुळेही. जीव धोक्यात घालून ती त्यांना खाणं पोचवायची. सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धचा १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर अठरा वर्षांच्या स्टाउबनी देश सोडला. व्हिएन्नामार्गे अमेरिकेत आले आणि जन्मभर एकाच प्रश्नामागे लागले: शेजारी शेजाऱ्यावर उठतो कसा, आणि अशा वेळी एखादी माक्स मध्ये का पडते?

ते म्हणतात, सोसलेला माणूस कडवटच होतो असं नाही. वेळेवर कुणी हात दिला, झालेलं बोलता आलं, तर तोच दुसऱ्यासाठी धावून जातो. मात्र जखम तशीच राहिली, तर साधी कुरबुरही जिवावरचा हल्ला वाटते.

रवांडात १९९४ च्या वंशसंहारात रेडिओवरून तुत्सी या अल्पसंख्य समाजाला झुरळं म्हटलं जात होतं. त्याच देशात, रेडिओवरच, २००४ मध्ये ‘मुसेकेवेया’ ही मालिका सुरू झाली. भांडणाऱ्या दोन गावांची गोष्ट. तिच्यामागे स्टाउब आणि लॉरी पर्लमन यांचं काम होतं. एलिझाबेथ पॅलक या संशोधिकेने तिचा परिणाम तपासला. वर्षभर काही गटांनी ही मालिका ऐकली, काहींनी आरोग्यावरची. लोकांची मनातली मतं फारशी बदलली नाहीत. पण शेवटी प्रत्येक गटाला भेट म्हणून एक टेपरेकॉर्डर आणि कॅसेट दिल्या, तेव्हा फरक दिसला. आरोग्यवाल्या गटांत बहुतेक वेळा ‘गावच्या अधिकाऱ्याकडे ठेवा’ म्हणून विषय संपायचा. ‘मुसेकेवेया’ ऐकणारे वाद घालायचे, हरकत घ्यायचे, आळीपाळीने कसा वापरायचा ते आपसांत ठरवायचे.

मतं बदलली नाहीत म्हणून कुणाला हे अपयश वाटेल. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. ज्या देशात वरून आलेला हुकूम मुकाट्याने पाळल्यामुळे लाखो माणसं मारली गेली, तिथे ‘मला हे पटत नाही’ असं चारचौघांत म्हणणं हीच शांततेची सुरुवात आहे. कबुतरं रंगवून आणि घोषणा देऊन हे येत नाही. सराव लागतो. वर्गात एकाला सगळे मिळून छळत असताना बघ्याची भूमिका सोडून पहिला कोण बोलेल, याचा सराव शाळेत व्हायला हवा. न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांसाठी स्टाउबनी नेमकं असंच प्रशिक्षण उभारायला मदत केली: सोबतचा पोलीस विनाकारण हात उचलत असेल, तर त्याला तिथल्या तिथे अडवायचं.