मूठभर तरवा, खंडीभर शेत: केशरोपणाच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर भाच्याने एक मजकूर टाकला आणि खाली लिहिलं, "मामा, हे तुमच्यासाठी." संध्याकाळी तोच मजकूर आमच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर आला. दोन दिवसांत मला तो चार जणांनी पाठवला. टकल्या माणसाला असलं काही पाठवताना लोकांना जराही संकोच वाटत नाही, हा माझा जुना अनुभव.

मजकूर थोडक्यात असा: "टक्कल कितीही मोठं असो, हेअर ट्रान्सप्लांट करा, एका दिवसात डोकं भरतं. एकदा केलं की जन्मभर बघायला नको. गोळ्या आणि लोशन म्हणजे पैसा पाण्यात, वर पुरुषत्व जातं ते वेगळंच. पॅच म्हणजे नाटकातला टोप, दहा फुटांवरून ओळखू येतो आणि शेवटी महागच पडतो. ट्रान्सप्लांट म्हणजे दात साफ करून घेण्याइतकं किरकोळ काम. मग टक्कल मिरवायचं कशाला?"

मी डॉक्टर नाही. गोव्यातल्या माशेलचा, पंचेचाळिशी ओलांडलेला, जत्रेच्या नाटकांतून तोंडाला रंग लावणारा माणूस आहे. डोक्यावर आता या कानापासून त्या कानापर्यंत मागून फिरणारी एक झालर तेवढी उरली आहे. टकलाच्या सात पायऱ्या मोजतात. हॅमिल्टन नावाच्या संशोधकाची ती मोजपट्टी नॉरवुड या डॉक्टरने 1975 साली सुधारली, आणि तिच्यावर मी सहावीत बसतो. या सहावीपायी मी दवाखाने पालथे घातले, अडीच वर्षं केसांचा पॅच लावला आणि शेवटी वस्तरा हातात घेतला. तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क मला आहे.

"टक्कल कितीही मोठं असो" या चार शब्दांतच सगळी गोम आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

केशरोपण म्हणजे भाताची लावणी. तरवा, म्हणजे भाताची रोपं, एका कोपऱ्यात असतो, तो उपटायचा आणि चिखल केलेल्या शेतात लावायचा. डोक्यावरचा तरवा म्हणजे मागची आणि कानांच्या वरची झालर. भाताला तरवा कमी पडला तर शेजाऱ्याकडून चार मुठी आणता येतात. इथे शेजारी नाही, दुसऱ्याचे केस आपलं शरीर स्वीकारत नाही. आणि उपटलेल्या जागी पुन्हा काही उगवतही नाही. हे लोक विसरतात. नवा केस तयार होत नसतो, असलेल्याची नुसती जागा बदलते.

आता हिशेब करा. केस मुळाशी एक-दोन-तीनच्या पुंजक्यांनी उगवतात, त्या पुंजक्याला क्लिनिकवाले ग्राफ्ट म्हणतात. भरल्या डोक्यावर चौरस सेंटीमीटरला साधारण 70 ते 90 पुंजके असतात. निम्मे गेले तरी डोळ्याला चटकन कळत नाही, म्हणून लावताना 30 ते 40 लावले तरी भागतं. माझ्यासारख्याचं टक्कल साधारण 200 चौरस सेंटीमीटरचं. 35 च्या हिशेबाने गुणलं तर 7,000 ग्राफ्ट लागतात. आणि चांगली दाट झालर असलेल्या माणसाच्या मागून आयुष्यभरात, सगळ्या बैठकी मिळून, साधारण 5,000 ते 6,000 निघतात. त्याहून जास्त ओरबाडले तर मागची बाजू कसर लागलेल्या लोकरीसारखी दिसते. झालर मुळात विरळ असेल तर 4,000 सुद्धा जड. दाढीचे केस भर म्हणून वापरतात, पण ते जाड आणि राठ, पुढच्या ओळीत शोभत नाहीत.

म्हणजे शेत खंडीभर आणि तरवा मूठभर. म्हणून चांगला सर्जन मोठ्या टकलाच्या माणसाला "डोकं भरतो" असं सांगतच नाही. तो सांगतो, पुढचा तिसरा हिस्सा दोन-अडीच हजार ग्राफ्टमध्ये करू, चेहऱ्याला चौकट मिळेल, टाळूवरचा भोवरा रिकामा राहील. हे मान्य असेल तर शस्त्रक्रिया उत्तम. माझ्या ओळखीत एकाने असंच करून घेतलं आहे आणि तो समोरून खरंच दहा वर्षांनी तरुण दिसतो. मागून दिसत नाही, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

मला मात्र एका क्लिनिकमध्ये साडेसहा हजार ग्राफ्टचा आकडा सांगितला गेला, तोही डॉक्टरकडून नव्हे, टाय लावलेल्या एका मुलाकडून. आगाऊ रक्कम आजच भरली तर सूट. मी विचार करून येतो म्हणालो आणि बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग विभागात गेलो. केसांसाठी केसपेपर काढला म्हणून घरात अजून हसतात. तिथल्या डॉक्टरांनी भिंग लावून मागची झालर पाहिली आणि म्हणाल्या, "हेही केस बारीक होत चाललेत. इथून काढून पुढे लावले तर तिथे जाऊनही गळतील." साडेसहा हजारवाल्याने मागे भिंग लावलंच नव्हतं.

"एका दिवसात" हेही खोटंच. लावलेले केस पहिल्या महिन्याभरात बहुतेक गळून पडतात, मुळं आत राहतात. नवी उगवण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून आणि खरं रूप वर्षभराने. लग्न मार्गशीर्षात आणि केशरोपण दिवाळीत करून घेणाऱ्याचे फोटो कसे येतील ते बघा.

"एकदा केलं की जन्मभर बघायला नको." यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं सुंदर आहे. 1950 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ऑरेंट्राइक या डॉक्टरने दाखवून दिलं की मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळ स्वभाव धरून राहतो, पुढच्या जमिनीचं ऐकत नाही. सगळं केशरोपण या एका गोष्टीवर उभं आहे. पण टिकतो तो लावलेला केस. त्याच्या आजूबाजूचे मूळचे केस आपल्या वाटेने जातच राहतात. पंचविशीत पुढची रेघ भरून घेतलेल्या पोराचे पस्तिशीत मधले केस गेले की पुढे एक पट्टा आणि मागे ओसाड माळ असं दिसतं. मग पुन्हा बैठक, पुन्हा तोच मूठभर तरवा. हे टाळायचं तर शस्त्रक्रियेनंतरही औषध चालू ठेवावं लागतं, म्हणजे फॉरवर्डमध्ये ज्याला "पैसा पाण्यात" म्हटलंय तेच.

आता औषधं. इथे मी फॉरवर्डवाल्याला एक गुण देतो: गुळगुळीत झालेल्या टाळूवर कुठलंही लोशन केस उगवत नाही. माझ्या पायरीवर मिनॉक्सिडिल म्हणजे कातळावर शेणखत. पण ज्यांचे केस अजून विरळ का होईना, आहेत, त्यांच्यासाठी गोष्ट वेगळी. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून ते डोक्याला लावायचा विचार निघाला आणि 1988 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. परिणाम दिसायला चार-सहा महिने, आणि बंद केलं की मिळालेलं परत जातं. फिनास्टेराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी 1997 ची. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं जे संप्रेरक बनतं आणि केसांची मुळं आक्रसवतं, त्याचं रक्तातलं प्रमाण ही गोळी सुमारे 70 टक्के उतरवते.

"पुरुषत्व जातं" हे कुठून आलं? मंजुरीच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांपैकी 1.8 टक्के पुरुषांनी इच्छा कमी झाल्याचं सांगितलं, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 1.3 टक्क्यांनी. ताठरतेची तक्रार 1.3 आणि 0.7 टक्के. म्हणजे धोका आहे, थोडा आहे. गोळी थांबवल्यावरही त्रास राहिल्याचं, मन खचल्याचं सांगणारे लोक आहेत आणि त्यांना वेड्यात काढणं मला पटत नाही. ज्याला आधीपासून नैराश्याचा त्रास आहे त्याने तर ते डॉक्टरला सांगितल्याशिवाय गोळी उघडूच नये. पन्नाशीच्या माणसाने आणखी एक लक्षात ठेवावं: प्रोस्टेट ग्रंथीसाठीची पीएसए ही रक्ततपासणी असेल तर ही गोळी तो आकडा साधारण निम्मा करते, तेव्हा गोळी घेतो हे सांगायलाच हवं. आणि घरात गरोदर बाई असेल तर तुटलेल्या गोळीला तिचा हात लागू देऊ नये. हे सगळं फार्मसीच्या काउंटरवर कोणी सांगत नाही, मित्राने सुचवलं म्हणून लोक पाकीट उचलतात.

"पॅच म्हणजे नाटकातला टोप." टोपाबद्दल मला शिकवू नका, मी वीस वर्षं डोक्यावर घेतोय. टोप मांडवातल्या शेवटच्या रांगेसाठी असतो, पॅच समोर बसून चहा पिणाऱ्यासाठी. पातळ जाळीवर एकेक केस ओवलेला, कडेला टेप किंवा ग्लू, आपल्या झालरीशी जुळवून कापलेला. मी लावून फोंड्याच्या बाजारात गेलो तेव्हा ओळखीचा भाजीवाला एवढंच म्हणाला, "भाऊ, तब्येत सुधारली." दहा फुटांवरून कळतो तो वाईट पॅच.

त्याचा खरा त्रास फॉरवर्डमध्ये आलाच नाही, कारण लिहिणारा गोव्यात राहत नसावा. एप्रिल-मेच्या घामात ग्लू पांढरा पडून सुटायला लागतो. तीन आठवडे टिकेल म्हणतात, ते आपल्याकडे दहा-बारा दिवसांवर येतं. आत खाज, वास, कधी पुटकुळ्या. हेल्मेट काढताना जीव मुठीत. आणि आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला. लहानपणापासून न चुकवलेला. अंगाला तेल चोपडून सगळे चिखलात लोळतायत आणि मी कडेला कोरडा उभा. पहिल्या वर्षी पाय मुरगळलाय म्हणून सांगितलं, दुसऱ्या वर्षी सर्दी. तिसऱ्या वर्षी बहाणा सुचला नाही.

"शेवटी महाग पडतो" हे मात्र खरं आहे. माझा पॅच 14,000 चा, तो जेमतेम वर्षभर चालायचा. काढून धुऊन पुन्हा बसवायचे दर वेळी 900, वर्षाला सतरा-अठरा खेपा. म्हणजे वर्षाचे तीस हजार, दहा वर्षांचे तीन लाख, दर वाढले नाहीत असं धरून. एवढ्यात केशरोपण होतं. पण पॅचची एक बाजू पैशात मोजता येत नाही: तो काढून ठेवता येतो. आवडला नाही, विषय संपला. उलट शस्त्रक्रियेत मागच्या कातडीची पट्टी कापून घेतली तर मागे आडवा व्रण राहतो, एकेक पुंजका टोचून काढला तर पांढरे ठिपके. नंतर डोकं गुळगुळीत करायचं ठरवलं तर ते दिसतात. मोठ्या टकलाच्या माणसाने म्हणूनच आधी परत फिरता येईल त्या वाटा चालून बघाव्यात: सहा महिने वस्तरा, वाटलं तर पॅच. कातडीवर बारीक ठिपके गोंदवून कापलेल्या केसांचा भास आणणारं मायक्रोपिगमेंटेशनही असतं, पण तेही सहज पुसलं जात नाही, आणि हलक्या हाताने केलं तर काही वर्षांनी निळसर पडतं.

"दात साफ करण्याइतकं किरकोळ." आठ-दहा तास, हजारो टोचण्या, भूल देणारं औषध वजनाच्या हिशेबात बसवायचं. 2019 च्या मार्चमध्ये मुंबईत एक व्यावसायिक केशरोपणानंतर दोन दिवसांत दगावला. एका बैठकीत 9,000 हून जास्त ग्राफ्ट लावल्याचं तेव्हा बातम्यांत होतं आणि तीव्र ॲलर्जीची शंका व्यक्त झाली होती. असं क्वचित होतं. पण 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहावं लागलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून केशरोपण शिकल्याचं धरता येणार नाही. असं लिहावं लागतं, म्हणजे काय चाललं असेल! तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: चिरा कोण पाडणार, नाव आणि पदवी काय, आणि तो पूर्ण वेळ खोलीत असणार का. शिवाय नंतरचे दोन-तीन आठवडे घट्ट हेल्मेट नको, समुद्रात डुंबणं नको, ऊन नको. म्हापशाहून पणजीला रोज स्कूटरने जाणाऱ्याने आधी रजेचा अर्ज लिहावा.

भाच्याला मी फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही. तो एकोणतीसचा, तिसऱ्या पायरीवर, कपाळाचे दोन कोपरे गेलेत. त्याला म्हटलं, आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखव, वर्षभर औषध करून केस थांबतात का बघ, मग लावणीचं बोलू. तो म्हणाला, "आणि मामा, तुम्ही?"

मी परवाच तालमीला जाऊन आलो. जत्रेच्या नाटकात यंदा मला राजाचं काम आहे, खांद्यापर्यंत केस. टोपवाला माझ्या डोक्यावरून हात फिरवून खूश झाला. म्हणाला, केसवाल्या नटांचे केस आत दाबून बांधायला अर्धा तास जातो, तुमचं दोन मिनिटांत होतं.