वाचाल तर शब्द चिकटतील

परदेशी विद्यापीठात एमएसला निघालात आणि इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचाय? मग आधी इंग्रजी शोधनिबंध आणि पुस्तकं माळ्यावर टाका. वाचत बसलात की शब्द वाक्यात भेटतात, आणि वाक्यात भेटलेला शब्द उगाचच लक्षात राहतो. त्यापेक्षा यादी बरी.

यादीही नीट पारखून घ्या. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली प्रसिद्ध झालेली यादी तर चुकूनही घेऊ नका. सुमारे ३५ लाख शब्दांचा शैक्षणिक मजकूर तपासून बाईंनी जेमतेम ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) काढली. का, तर कायदा असो की जीवशास्त्र, ती सगळीकडे लागतात म्हणे! आणि शब्द कसले, तर 'डेटा', 'मेथड', 'अ‍ॅनालाइज'. असल्या शब्दांनी लग्नाच्या पंगतीत कुणावर छाप पडणार? तुम्ही आपलं अप्पा बळवंत चौकात जीआरई या प्रवेशपरीक्षेचं जुनं, जाडजूड पुस्तक शोधा. त्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ सालीच गेले, पण पुस्तक तर सेकंडहँडमध्ये स्वस्त पडतं!

पाठांतर अर्थातच 'ए'पासून. 'बी' उजाडायच्या आत व्हिसा येईल, पण 'ए'च्या शब्दांवर तुमच्याइतकी हुकमत अख्ख्या कॅम्पसवर कुणाची नसेल. उजळणी मात्र नको. एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थानं निरर्थक अक्षरं पाठ करकरून १८८५ मध्ये दाखवून दिलं, की घोकलेलं सुरुवातीलाच भराभर उडून जातं. थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली तर टिकतं. परीक्षेच्या आदल्या रात्री काय चमत्कार घडतात, हे बिचाऱ्याला कोण सांगणार!

आता लिखाण. साधा शब्द दिसला रे दिसला की समानार्थी कोश उघडायचा आणि त्यातला सगळ्यात लांब शब्द उचलायचा. तो शेजारच्या शब्दाशी नांदतो की नाही, या चौकशा आपण करायच्या नाहीत. या मार्गानं पुढे गेलेले लोक आहेत. २०२१ मध्ये गिओम काबानाक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापील शोधनिबंधांतून असली रत्नं वेचून काढली: 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफीट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल'. हे काम शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं असावं, असा त्यांचा कयास. म्हणजे यंत्राला जमतं ते तुम्हाला जमणार नाही?

डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग कुणी तोंडावर फेकले तर हसून सोडून द्या. गरज नसताना अवघड शब्द वापरले की वाचकाला लेखक कमी हुशार वाटतो, असं ते सांगतात. त्यांना २००६ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, म्हणजे विनोदच की तो!

आणि गाइडनं पहिल्याच मसुद्यावर लाल शाईनं 'म्हणजे काय?' असं लिहून पाठवलं, तर खचू नका. त्यांचा शब्दसंग्रह कमी पडतोय. यादीची पीडीएफ त्यांनाही पाठवा.