भयदेवतेची यथासांग उपासना

संकटाच्या काळात देवावर भार टाकून निर्धास्त राहावे, असा उपदेश कीर्तनकारांपासून शेजारच्या आजींपर्यंत सगळेच करीत असतात. परंतु ठाण्यासारख्या शहरात, जिथे घराचा हप्ता वीस वर्षे चालतो आणि नोकरीचा भरवसा वीस दिवसांचाही नसतो, तिथे असा उपदेश मनावर घेणे सुशिक्षित माणसाला शोभत नाही. सुजाण वाचकाने भीतीचीच उपासना करावी. ही देवता अत्यंत जागृत असून तिला आवाहन करावे लागत नाही. एकदा आली की विसर्जनाचा प्रश्नही उद्भवत नाही.

उपासनेला पहाटे तीनची वेळ उत्तम. त्या वेळी बँक, दवाखाना, कचेरी सारेच बंद असल्याने प्रत्यक्ष काही करण्याचा मोह होत नाही आणि चित्त चिंतेवर एकाग्र होते. उशाखालून मोबाइल काढावा, शेजारी झोपलेल्या सौभाग्यवतींची झोप मोडू नये म्हणून उजेड कमी करावा (मोडली तरी बिघडत नाही, जोडीने केलेल्या उपासनेचे फळ दुप्पट असते), आणि छातीत डावीकडे दुखण्याची कारणे शोधायला घ्यावीत. संध्याकाळच्या वड्याने झालेले पित्त तिसऱ्या पानापर्यंत असाध्य रोगात रूपांतरित होते, असा उपासकांचा अनुभव आहे. त्यानंतर, ऐरोलीच्या आयटी पार्कातून निघताना साहेब ‘उद्या जरा बोलू’ असे म्हणाले होते, ते आठवावे. साहेबांना बहुधा गणपतीच्या सुट्ट्यांविषयी बोलायचे असते. पण तसे त्यांना तिथल्या तिथे विचारून घेणे म्हणजे व्रतभंग.

सकाळी प्रसाद वाटावा. सोसायटीच्या ग्रुपवर रात्री आलेला, कोणी लिहिला आणि कधी लिहिला याचा पत्ता नसलेला मजकूर ‘खरे-खोटे माहीत नाही, पण काळजी घ्या’ एवढी पुस्ती जोडून पुढे पाठवला की चहा उकळेपर्यंत तिन्ही विंगांत प्रसाद पोहोचतो.

या मार्गात सर्वांत मोठे विघ्न माहितीचे असते, म्हणून तिच्यापासून सावध राहावे. एखाद्या सहकारी बँकेविषयी कुजबुज सुरू झाली की भल्या पहाटे शटरसमोर रांगेत उभे राहावे. बँक बुडाली तरी प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण असते, आणि ही मर्यादा २०२० साली १ लाखावरून वाढवली गेली, हे कोणी रांगेत सांगू लागले तर कानावर हात ठेवावेत. असल्या माहितीने धीर येतो. इमारतीचेही तसेच. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, त्यात अतिधोकादायक ठरलेल्या इमारतींना सी-१ हा वर्ग मिळतो, आणि तीस वर्षांहून जुन्या इमारतींनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे, असे आवाहनही होते. खरा उपासक जिन्याच्या भिंतीतली भेग रोज येता-जाता बोटाने चाचपतो, ती वाढल्याचे घरी सांगतो, रात्री पंख्याच्या हुकाकडे टक लावून पडतो, परंतु सोसायटीच्या सभेत ऑडिटचा विषय निघताच ‘उगाच कशाला खर्च?’ म्हणून पहिला हात तोच वर करतो. अहवालात इमारत ठीक निघाली तर भीती जाते, आणि वाईट निघाली तर काहीतरी करावे लागते. दोन्हींत उपासकाचे नुकसानच आहे.

याचा अर्थ देवळात जाऊ नये, असा मुळीच नाही. जरूर जावे; फक्त विश्वास घरी ठेवून जावे. सोमवारी जांभळी नाक्यावर भाजी घेता घेता कौपिनेश्वराच्या दर्शनाला वळावे, त्या भव्य पिंडीपुढे डोळे मिटून आपली अडचण सर्व तपशिलांसह मांडावी, देवाला येत्या एकादशीपर्यंतची मुदत द्यावी आणि अभिषेकाचा नवस काम झाल्यानंतरच फेडण्याच्या अटीवर बोलावा. हे सर्व चालू असताना एक डोळा बाहेर काढून ठेवलेल्या चपलांच्या दिशेने असावा. ज्याच्या हाती आपण आताच मुलाचे अख्खे भविष्य सोपवले, त्याच्या भरवशावर नव्या चपला सोडायच्या नसतात.

देवळातून निघाल्यावर पत्रिका दाखवून घ्यावी, कारण देवाने दिलेला धीर फार काळ टिकू देणे धोक्याचे आहे. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षे राहतो आणि आपल्या राशीच्या मागची, आपली व पुढची अशा तीन राशींत मिळून साडेसाती भरते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण मग कोणत्याही क्षणी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालूच असणार, म्हणजे ठाणे स्थानकात कर्जत फास्टला लोंबकळणाऱ्यांपैकी दर चौथा माणूस साडेसातीतला असणार, आणि चौथ्या-आठव्या शनीची अडीचकीही धरली तर बारापैकी पाच राशी अडचणीत येणार, हा हिशेब मात्र कधी करू नये. तो केला की आपले दुःख फलाटावरच्या सगळ्या गर्दीत वाटले जाते, आणि वाटून घ्यायला काय ते पेढे आहेत?

उपासकांच्या वाटेत काही वाईट उदाहरणे येतात, त्यांचाही बंदोबस्त करावा. देहूच्या तुकोबांचेच पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात दुकानाचे दिवाळे निघाले, पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. अशा माणसाने वास्तविक आयुष्यभर आमच्या संप्रदायाचे अध्यक्षपद भूषवायला हवे होते. त्याऐवजी या गृहस्थांनी भावाच्या वाटणीची कर्जखते त्याला देऊन आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. आपण असतो तर ती लॅमिनेट करून घेतली असती. कोणी तुकोबांचा दाखला दिलाच, तर ‘देवावर विश्वास ठेवून तरी त्यांचे दुःख टळले का?’ असे ताडकन विचारावे. हा आपला सर्वांत भक्कम मुद्दा आहे. मात्र तो मांडून लगेच उठावे, कारण ‘मग घाबरून कोणाचे टळले?’ हा उलट प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर संप्रदायाला अद्याप सापडलेले नाही.

दुसरे वाईट उदाहरण आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. वागळे इस्टेट, म्हणजे १९६२ साली एमआयडीसीने उभारलेली आपली पहिली औद्योगिक वसाहत, तिथल्या एका कारखान्याला टाळे लागले आणि या आजींचे यजमान भर उमेदीत घरी बसले. आजींनी तिन्हीसांजेला नेहमीसारखा देवापुढे दिवा लावला, ‘बघ रे बाबा’ एवढेच म्हटले आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे चारला उठून पोळीभाजीचे डबे सुरू केले. इतक्या मोठ्या आपत्तीचे त्यांनी असे वाटोळे केले, याची हळहळ वाटते. एकदा मी त्यांना विचारले, ‘आजी, तुम्हाला तेव्हा भीती नाही वाटली?’ तर पेपरावर पसरलेल्या मेथीतून मान वर न करता म्हणाल्या, ‘वाटली की. पण म्हटलं, तो बघतोय ना, मग मी आणखी कशाला बघत बसू? माझी कणीक राहिली होती मळायची.’ अशा लोकांशी जिन्यात गाठ पडल्यास पावसापाण्याचे बोलून सटकावे. त्यांच्याजवळ पाच मिनिटे बसले तरी वर्षानुवर्षांची साधना ढिली पडते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

शेवटी राहते ती सर्वांत कठीण परीक्षा, म्हणजे चांगली बातमी. साहेब खरोखरच सुट्ट्यांविषयी बोलतात आणि संध्याकाळी रक्ताचा रिपोर्टही नॉर्मल येतो, असे दिवस उपासकाच्या नशिबी अधूनमधून येतात. अशा वेळी देवापुढे साखर ठेवण्याची घाई करू नये, दृष्ट लागेल म्हणून घरातही चटकन सांगू नये, आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त देऊन यावे. तिथेही सगळे ठीक निघाले, तर वाशीला एक फार चांगली लॅब आहे म्हणतात.