घड्याळातल्या ६१० कॅलरी आणि यवतेश्वरचा घाट

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या कट्ट्यावर रविवारी सकाळी वाद पेटला तो आप्पांच्या मनगटावरच्या आकड्यावरून. यवतेश्वरच्या घाटात एक तास चढ चालल्यावर घड्याळ म्हणत होतं, ६१० कॅलरी. आप्पांचा हिशेब सरळ होता. कंदी पेढ्याला साधारण शंभर धरा, म्हणजे सहा पेढे मोकळे.

"साडेतीन," मास्तर म्हणाले. "त्याच्या वर एक नाही."

"आँ? घड्याळ खोटं बोलतंय व्हय?"

"घड्याळ मोजतच नाही, अंदाज करतंय. शरीर किती जाळतं ते खरं मोजायचं तर तोंडाला मास्क लावून आत जाणारा ऑक्सिजन आणि बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ किलोकॅलरी. घड्याळावर जी कॅलरी म्हणून दिसते ती हीच किलोकॅलरी. आता मनगटावरचं यंत्र श्वास कुठनं मोजणार? त्याला मुख्यतः दोनच गोष्टी कळतात. हात किती हलला आणि नाडी किती पडली. बाकी सगळं तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची आणि कंपनीचं सूत्र."

मग मास्तरांनी वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. वजन ७० किलो, वेग ताशी ४ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ६७ मीटर, चढ सरासरी ८ टक्के, म्हणजे ०.०८, धरू. चालण्याचं रूढ सूत्र असं: वेगाचा दहावा भाग, अधिक वेग गुणिले चढ गुणिले १.८, अधिक बसल्या जागी लागणारे ३.५. बेरीज येते किलोमागे मिनिटाला जवळपास २० मिलिलिटर ऑक्सिजन. ७० किलोला मिनिटाला १.४ लिटर, म्हणजे ७ कॅलरी, तासाला ४१५. सपाटीवर त्याच वेगानं २१४ झाल्या असत्या, चढानं जवळजवळ दुप्पट केल्या. "आणि या ४१५ मधल्या ७३ तुम्ही इथं कट्ट्यावर बसून राहिला असता तरी जळल्याच असत्या. चालण्याच्या म्हणून उरल्या ३४०."

हा मुद्दा फार लोकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच अ‍ॅपमध्ये 'एकूण' आणि 'अ‍ॅक्टिव्ह' असे दोन आकडे असतात. एकूणमधला एक वाटा शरीर नुसतं चालू ठेवायला लागतो आणि तो रोजच्या जेवणात आधीच धरलेला असतो. तो परत व्यायामाच्या खात्यात धरला की एकच रक्कम दोनदा जमा होते.

आप्पा ऐकेनात. "सूत्र तुमचं पण अंदाजच की!"

"आहेच. पण त्याला चढ कळतो. ज्या घड्याळात हवेच्या दाबावरून उंची मोजायची सोय नाही आणि जीपीएसही बंद आहे, त्याला घाट आणि सपाटीवरचा पोवई नाका सारखेच."

"मग माझ्यात कमी दाखवायला हवं होतं, जास्त कसं?"

याचं उत्तर ताईंनी दिलं. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत. "कारण तुमचं घड्याळ नाडीवर चाललं होतं. एका लयीत चालताना नाडी आणि ऑक्सिजन बरोबरीनं वाढतात, हे खरं. पण ऊन चढलं, पाणी कमी प्यालं, चहा झाला, झोप नीट झाली नाही, तर नाडी नुसतीच वाढते, काम तेवढंच असतं. त्यात घड्याळ तुमची कमाल नाडी २२० वजा वय अशी धरतं. खऱ्या माणसात ती दहा-बारा ठोक्यांनी इकडं-तिकडं सहज असते." रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर उलटं होतं. गोळी नाडी दाबून ठेवते, घड्याळाला वाटतं माणूस आरामात आहे. अशा माणसानं व्यायामाचा जोर किती ठेवायचा ते डॉक्टरांना विचारावं, घड्याळाला नव्हे.

२०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० जणांच्या मनगटावर सात यंत्रं तपासली होती, तो दाखला मास्तरांनी काढला. नाडी सातपैकी सहांनी ५ टक्क्यांच्या आत दाखवली. कॅलरीत मात्र सगळ्यांत बरं यंत्र सरासरी २७ टक्के चुकलं, सगळ्यांत वाईट ९३ टक्के. आपल्या ४१५ वर २७ टक्के म्हणजे एक पेढा. ९३ टक्के म्हणजे जवळजवळ चार.

"ती जुनी घड्याळं," आप्पा म्हणाले. ते बरोबरच आहे, सेन्सर सुधारलेत. पण नाडी अगदी तंतोतंत मिळाली तरी नाडीवरून ऑक्सिजन काढायची उडी तशीच राहते.

पैलवानाची तक्रार वेगळी होती. "मी जोर मारतो, दम निघतो, आन् ह्यो दाखवतंय चाळीस कॅलरी."

जोर मारताना मनगट मागं वाकतं, त्यावर अंगाचा भार येतो. घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत टाकून रक्ताच्या लाटेनं परत येणारा उजेड किती बदलतो ते बघतं. पट्टा दाबला किंवा उचलला गेला, मूठ घट्ट आवळली, की लाट हरवते. वजन उचलताना हात फारसा हलत नाही, म्हणून आकडा कमी येतो. आणि छातीच्या पट्ट्यानं नाडी बरोबर घेतली तरी श्वास रोखून ताकद लावल्यानं ती ऑक्सिजनच्या मानानं जास्त वाढते, मग आकडा फुगतो. तालमीच्या व्यायामाला कॅलरीचा आकडा बघूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पळणाऱ्यांचा घोटाळा तिसराच. पावलं मिनिटाला १६०-१७० पडतात आणि सैल पट्ट्याचं घड्याळ त्या हादऱ्यालाच नाडी समजतं. सुरुवातीलाच १६५ दिसले तर थांबून गळ्याशी ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं कोपराकडं, हलणार नाही इतका घट्ट. थंडीत बोटं गार असतील तर आधी पाच-दहा मिनिटं अंग गरम करा. सायकलवाल्यांनी पॉवर मीटर, म्हणजे पायानं लावलेली ताकद वॉटमध्ये मोजणारं यंत्र, लावला तर सगळ्यांत चांगलं. सरासरी १५० वॉटनं तासभर म्हणजे ५४० किलोज्यूल काम, आणि एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.२ किलोज्यूल, पण शरीराची कार्यक्षमता चोवीसेक टक्केच असल्यानं जळालेल्या कॅलरीही साधारण ५४०च.

आप्पांचा शेवटचा मोहरा भक्कम होता. "चुकू दे. रोज तेवढंच चुकतंय ना? मग कालच्यापेक्षा आज जास्त का कमी, ते तर कळतंय."

"तेवढंच चुकत नाही, हीच अडचण आहे," ताई म्हणाल्या. "जानेवारीच्या पहाटे आणि एप्रिलच्या दहा वाजता तोच घाट, तेच वजन. काम तेच, पण आकडा वेगळा. आणि तीन महिने नेमानं चाललात की त्याच चढाला नाडी कमी पडेल. घड्याळ म्हणेल कॅलरी घटल्या. खरं तर हृदय सुधारलेलं असतं. तुलना करायचीच तर त्याच चढाला लागलेली मिनिटं आणि सरासरी नाडी लिहून ठेवा."

आप्पांनी घड्याळाचं अ‍ॅप उघडलं. वजनाच्या रकान्यात ७८ होतं, काट्यावर ते ७० आहेत. आकडा तिथूनच दहा-अकरा टक्क्यांनी फुगलेला होता.

"आन् उतरताना काय?" पैलवानानं विचारलं.

मास्तरांनी पेन खिशात ठेवलं. हे सूत्र चढाला आणि सपाटीला आहे, उताराला लावायचं नाही. हलक्या उताराला सपाटीपेक्षा कमी लागतं, फार तीव्र उताराला शरीर अडवून धरण्यात परत वाढतं. ६१० मध्ये उतरण्याचा वेळ धरला होता का, ते बघायला आप्पा पुन्हा अ‍ॅपमध्ये शिरले.