‘ज्याला दिसत नाही, तो ॲप काय वापरणार?’ या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडेच तो चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: “डोळ्यांसाठी टेलिमेडिसिन ॲप ही फसवणूक आहे. ज्याला दिसत नाही, तो ॲप काय वापरणार? डोळे फोनवर तपासताच येत नाहीत. असा सल्ला बेकायदा आहे. पुण्यात गल्लोगल्ली डोळ्यांचे दवाखाने असताना याची गरजच काय? उलट फोनच्या नादात उशीर होऊन माणूस आंधळा होईल.”

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, आहे आणि फोनवरून डोळ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारं असंच एक ॲप बनवणाऱ्या टीमबरोबर काम करते. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. पण गप्प बसवत नाही. हा मेसेज वाचून आमच्या ओळखीच्या एका काकांनी ठरलेला व्हिडिओ कॉल रद्द केला आणि त्यासोबत काचबिंदूचे थेंबही बंद केले. त्या थेंबांनी नजर सुधारत नाही, असलेली टिकते. त्यामुळे बंद केले तरी महिनोन्‌महिने काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा गेलेली नजर परत येत नाही.

पहिला मुद्दा, दिसत नसलेल्या माणसाने ॲप वापरण्याचा. पूर्ण अंध असलेली कितीतरी माणसं आज टॉकबॅक लावून फोन वापरतात. फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, ती ऐकून बोट फिरवतात. आणि डोळ्यांच्या ओपीडीत येणाऱ्या बहुतेकांना अजिबात दिसत नाही असं नसतंच. कुणाला धुरकट दिसतं, कुणाला मधोमध डाग, कुणाला कडेचं दिसत नाही. प्रश्न त्यांना जमेल का हा नाही. आपण त्यांच्यासाठी बनवलंय का, हा आहे.

भोर तालुक्यातल्या एका शिबिरात आमचं पहिलं डिझाइन एका आजींच्या हातात दिलं. त्यांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, म्हणून त्या कुठलीही वस्तू मान वळवून, डोळ्याच्या कडेने बघतात. फोनही तसाच धरला. हिरव्या बटणावर आम्ही पांढरी अक्षरं ठेवली होती. त्या म्हणाल्या, “पोरी, हितं हिरवा ठिपका हाय, लिव्हलेलं काय न्हाई.” नातवाने फोनची अक्षरं सगळ्यांत मोठी करून दिली होती, त्यामुळे ‘पुढे’ हे बटण स्क्रीनच्या खाली ढकललं जाऊन दिसेनासं झालं होतं. ओटीपी वरच्या पट्टीत आला आणि आजींनी फोन डोळ्यांजवळ नेईपर्यंत गेलासुद्धा. टॉकबॅक लावून पाहिला, तर आमच्या कॅमेऱ्याच्या चिन्हाला तो नुसतं “बटण” म्हणत होता. कशाचं बटण, ते आम्ही लिहिलंच नव्हतं.

परत येऊन बरंच काही मोडून नव्याने केलं. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ फरक हवा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. आम्ही ७ ला १ धरला. एका स्क्रीनवर एकच प्रश्न. ओटीपी आपोआप भरला जातो. प्रत्येक बटणाला मराठी नाव दिलं. दुसऱ्या वेळी आजींना वेळ लागला, पण नातवाला हाक न मारता त्यांनी स्वतः अपॉइंटमेंट घेतली.

‘फोनवर डोळे तपासता येत नाहीत’ हे अर्धं खरं आहे, आणि तो अर्धा भाग मी ठासून सांगेन. चष्म्याचा नंबर फोनवर निघत नाही. लहान मुलांचा तर बऱ्याचदा बाहुली मोठी करणारे थेंब टाकूनच काढावा लागतो. डोळ्याचा दाब यंत्राशिवाय मोजता येत नाही, आणि दाब २१ च्या आत, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत, असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून डोळ्यामागची नसही बघावी लागते. घरबसल्या नंबर काढून देतो म्हणणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवू नका.

पण नजर मोजणं वेगळं आणि नंबर काढणं वेगळं. केनियातल्या नाकुरू भागात पंचावन्न वर्षांपुढच्या लोकांवर ‘पीक’ नावाच्या ॲपने नजर मोजली. त्याचे निकाल नेहमीच्या तक्त्याशी जुळतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे फोन रुग्णाच्या हातात नसतो. दुसरं कुणीतरी अंतरावर उभं राहून इंग्रजी ई दाखवतं, रुग्ण तिची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवतो. अक्षरओळखही लागत नाही.

शिवाय टेलिमेडिसिन म्हणजे रुग्ण घरी आणि डॉक्टर स्क्रीनवर, एवढंच नव्हे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची गावोगावची केंद्रं वर्षानुवर्षं अशीच चालतात: प्रशिक्षित तंत्रज्ञ यंत्रावर डोळा तपासतो आणि मुख्य रुग्णालयातले डॉक्टर व्हिडिओवर रुग्णाशी बोलतात. मधुमेहींनी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचा असतो. त्याचा फोटो गावातला फंडस कॅमेरा काढू शकतो आणि तो बघणारे डॉक्टर पुण्यात असू शकतात.

बेकायदा असल्याचा मुद्दा चुकीचाच आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओ, फोन किंवा मेसेजवरून सल्ला देऊ शकतात. प्रत्यक्ष तपासणी लागेल की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. सरकारची टेलिमेडिसिन सेवा ‘ई-संजीवनी’ त्याआधीच, २०१९ मध्ये सुरू झाली होती.

गल्लोगल्ली दवाखाने कोथरूड-सदाशिव पेठेत असतील. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून आधी एसटी, मग स्वारगेटहून पुढची बस. कमी दिसणारा माणूस एकटा येऊ शकत नाही, म्हणजे दोघांचा दिवस आणि दोघांची मजुरी गेली. ऑपरेशननंतर थेंब नीट चाललेत ना, एवढंच विचारायला मी त्यांना का बोलवू? शहरातही जुलै २०२३ आठवा. आळंदीत आणि मग पुण्यात डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा डोळे आलेला माणूस आणि नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजी ओपीडीच्या एकाच बाकावर बसायच्या. अशा वेळी सौम्य लक्षणं असलेल्याने आधी फोनवर विचारलेलं बरं. मेडिकलमधून मनाने स्टेरॉइडचे थेंब आणण्यापेक्षा तर नक्कीच.

उशीर होईल ही भीती मात्र रास्त आहे, आणि आमच्या पहिल्या स्क्रीनचं सगळं काम त्यासाठीच आहे. अचानक दिसेनासं झालंय? डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखा वाटतोय, विजा चमकतायत? डोळा लाल होऊन खूप दुखतोय आणि उलटी होतेय? यातल्या एकालाही ‘हो’ म्हटलं, तर ॲप व्हिडिओ कॉल लावतच नाही. जवळच्या नेत्र रुग्णालयाचा फोन लावून देतं आणि मोठ्या आवाजात सांगतं, “आत्ता निघा.” तंबाखूच्या चुन्याची ट्यूब मुलाच्या हातात फुटून चुना डोळ्यात गेला असेल, तर त्याआधी आणखी एक वाक्य येतं: “डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धुवा, चुन्याचे कण दिसत असतील तर तेही वाहून जाऊ द्या, डोळा चोळू नका, आणि निघायच्या आधी पंधरा मिनिटं तरी धूत राहा.”