पाटीवरचं नाव आणि फुलाखालची टोपी

तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही फोटो पाठवलेल्या सॅल्व्हियाच्या (तुळशीच्या कुळातलं फुलझाड) रोपाला निळी फुलं आहेत, पाटीवर ‘ब्लॅक अँड ब्लू’ लिहिलंय, तरी मी त्याला ‘अनोळखी निळी’ म्हणते. हे नुसतं कीस पाडणं आहे, असं तुमचं म्हणणं. कीस पाडते, कबूल. पण सॅल्व्हिया जमवायच्या तर त्यावाचून भागत नाही. या प्रजातीत जवळजवळ हजार जाती, शिवाय संकर वेगळे.

‘ब्लॅक अँड ब्लू’ हा ग्वारानिटिका या सॅल्व्हियाच्या जातीचा वाण. त्यातलं ‘ब्लॅक’ म्हणजे पाकळ्यांखालची टोपी, निदलपुंज. ती जवळपास काळी असते. तुमच्या फोटोत ती स्वच्छ हिरवी आहे. साधी ग्वारानिटिका असू शकेल, पण पानं फोटोत आलेली नाहीत, म्हणून मी तेवढ्यावर थांबले.

फुलाच्या रंगावर माझा भरवसा कमीच. एक तर मोबाइल निळ्या-जांभळ्याची हमखास गल्लत करतो. दुसरं, ‘हॉट लिप्स’ हा सॅल्व्हियाचा वाण पाहा: एकाच झुडपावर लाल-पांढरी, नुसती लाल, नुसती पांढरी अशी फुलं हवामानाप्रमाणे येतात. ल्युकँथा या जातीच्या जांभळ्या तुऱ्यात तर बऱ्याचदा जांभळी असते ती टोपीच, फूल पांढरं. फूल गळून गेलं तरी टोपी मागे राहते, म्हणून मी आधी तिच्याकडे बघते.

‘नावाने काय फरक पडतो?’ पडतो ना! युलिजिनोसा ही जातही निळीच, पण तिला ओल आवडते आणि ती जमिनीखालून पसरत शेजारच्या वाफ्यात शिरते. पेटन्स या जातीला मुळाशी गाठी असतात. वरचा भाग वाळला म्हणून उपटून टाकलीत तर जिवंत झाड गेलं. आणि चुकीच्या नावाने कटिंग वाटली की ती चूक दहा बागांत जाते.

रोझमेरी माझ्या सॅल्व्हियांच्या यादीत घुसडल्याबद्दलही तुम्ही टोकलंत. २०१७ पासून तिचं शास्त्रीय नाव सॅल्व्हिया रोझमारिनस आहे. फूल उघडून पाहा, इतर सॅल्व्हियांसारखे पुंकेसर दोनच. तुळशीत चार असतात.

तुमचं दुसरं रोप, चिकट दांडे, पानांची पाठ पांढरी, फूल काळपट जांभळं, ते मात्र मी बेधडक सॅल्व्हिया डिस्कलर म्हणेन. मूळची पेरूची. त्याची एक कटिंग माझ्यासाठी ठेवाल का? आणि त्या निळीचा टोपी व पान दिसेल असा फोटो दिवसाउजेडी काढून पाठवा.