प्लॉट इकला म्हन्ते

काल रात्री साडेदहाला माझ्याच ब्लॉगनं मला विचारलं, तू माणूस आहेस का रोबोट. माझाच म्हणजे आता माझा नाही, जूनमध्ये विकला, पण दहा वर्षं खपून उभा केलेला, वरच्या पट्टीचा हिरवा रंगसुद्धा बायकोच्या साडीचा फोटो काढून जुळवलेला. एक साधी कमेंट टाकायची होती. नऊ चित्रं आली, म्हणे ट्रॅफिक सिग्नल ओळखा. अरे बाबा, आमच्या अख्ख्या तालुक्यात एक सिग्नल नाही, चौकात गाय बसली की थांबायचं आन् उठली की निघायचं. नुसता दिवा धरायचा की खांबपण, यातच दोनदा नापास झालो. मग म्हणे बस ओळखा. त्या बसा पिवळ्या! एसटी लाल असते एवढ्या ज्ञानावर मी पन्नाशी गाठली.

तर ब्लॉग कपाशीचा. 2014 ला सुरू केला, चारशेच्या वर लेख, त्यातले निम्मे ओलिताला रात्रीची लाईन यायची वाट पाहत मोटरीपाशी बसून मोबाईलवर टाईप केलेले. मृग तोंडावर आला, बियाणं-खताचं जमेना, पोरीची फी होती, एका कंपनीचा फोन आला, दिला. पैशात एक बरी सेकंडहँड मोटरसायकल आली असती. आली नाही, खत आलं.

आता खरी गोष्ट पानठेल्यावरची. नाना खर्रा घोटत होते.

"काहून बे, प्लॉट इकला म्हन्ते?"

"प्लॉट नाही नाना, ब्लॉग."

"तेच म्हन्तो मी. कोन्त्या लेआउटमंधला?"

"तो जमिनीवर नसते नाना. इंटरनेटवर असते."

"असन. पन एनए हाय का?"

मी गप्प बसलो असतो तर निभलं असतं. पण मला समजावून सांगायची खोड, ब्लॉगच त्यातून निघालेला. मी म्हटलं, याचं एक नाव असते, ते नाव रजिस्ट्रारकडं नोंदलेलं राह्यते, तेवढं त्यांच्या नावानं करून दिलं.

"यवतमाळच्या रजिस्ट्रारकडं?"

"नाही, अमेरिकेतल्या."

बाकावरचे चौघं सरकून जवळ आले. एकानं मला जागा करून दिली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"चतुःसीमा कोन्ती टाकली मंग?"

"चतुःसीमा नसते त्याला."

"धुराच नाही म्हन्जे भांडन होनारच," नाना बाकीच्यांना म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "त्या अमेरिकावाल्याले दरसाल काही द्या लागे का?"

"हो, नावाचे पैसे. नाही भरले तर नाव जाते."

नानांचा घोटणारा हात थांबला. "म्हन्जे तुया होताच कुठी? मक्त्याचा होता! मक्त्याचं वावर इकलं तू, बावा!"

ठेला हसला. मीपण हसलो, पण घरी येऊन खाटेवर पडलो तर ते वाक्य काही जाईना. कारण खरं आहे ते. दहा वर्षं दरसाल मक्ता भरला आन् धनी म्हणून मिरवलो.

दोन दिवसांत प्लॉटची बातमी पसरली. साळ्याचा फोन, भाऊजी आम्हाले सांगतलं असतं तर आम्हीच घेतला असता. मोठे भाऊ पंधरा दिवस बोलले नाहीत, त्यांना वाटलं आबांच्या वेळचा काही तुकडा मी गुपचूप काढला. सातबारा दाखवला तेव्हा कुठं चहा पाजला.

याच गावात एकेकाळी माझी काय वट होती! जाहिरातीचे दहा डॉलर जमले की गूगल घरच्या पत्त्यावर पिन नंबरचं पत्र धाडते. ते पोस्टमननं नानांकडं देऊन टाकलं, आन् संध्याकाळपर्यंत गावभर झालं की याला गूगलनं नोकरीवर बोलावलं. पैसे मात्र शंभर डॉलर झाल्याशिवाय सुटत नाहीत, त्याला मला दोन वर्षं लागली, तोवर लोक विचारत, कधी निघतोस.

बरं, विकलं तर विकलं, रडायचं काम नाही. पण नीट तरी ठेवा ना. 2017 ला फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात माणसं गेली, तेव्हा मी वाऱ्याकडं पाठ करून फवारा, तोंडाला बांधा, उपाशीपोटी जाऊ नका, असा साधासुधा लेख लिहिला होता, लोकांनी एकमेकांना पाठवला. आता त्या लेखाच्या मधोमध कर्जाची जाहिरात नाचते. आन् लेखक म्हणून "टीम". फोटो तेवढा माझा, प्रत्येक लेखाखाली, त्यांच्या नव्या लेखांखालीसुद्धा, काढा म्हणून तीन मेल टाकले.

आन् काल संध्याकाळी नाना भेटले ते खुशीत. "औंदा पराटी नाही उपटत. ओलित करून फरदड घेतो."

फरदड म्हणजे वेचणी झाली तरी कपाशीची झाडं, आमची पराटी, उपटायची नाहीत, पाणी देऊन त्यांच्यावरच पुन्हा बोंडं घ्यायची. मी म्हटलं नाना, संक्रांत झाली, गुलाबी बोंडअळीला का आयतं जेवण घालता, फरदड ठेवली की पुढच्या हंगामाला ती तिथूनच येते, 2017 ला पाह्यलं ना आपण, बोंडं फोडली की आत नुसती अळी.

"तूच तं लिवलं! 'फरदडीचे 7 फायदे'. पोट्ट्यानं वाचून दाखोलं. खाली तुयाच फोटो हाय ना."

म्हणून ती कमेंट. चौथ्या झटक्यात माणूस ठरलो, "फरदड घेऊ नका, हा लेख चुकीचा आहे" एवढं टाकलं, तर खाली आलं, आपली प्रतिक्रिया तपासणीसाठी पाठवली आहे. ती अजून तपासणीतच आहे. सकाळी नानांच्या घरी जाऊन सांगून आलो की तो लेख माझा नाही, तर म्हणाले, "इकलं तं आता जळून नोको राहू."

आत्ता हे लिहितोय तर त्यांच्या विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचा आवाज येऊन राहिला.